गोरखच्या जागी

सोमवार, १० जानेवारी १९९४

गेल्या वर्षीच्या डायरीत श्रावणापासून पुढची पानं कोरी राहिली होती. छापलेल्या तारखा खोडून त्यातच लिहिते आहे, नवी कशाला आणायची. घरखर्च वेगळ्या वहीत असतो, तो तिथेच राहील. इथे कोर्टाचं.

वरच्या मजल्यावरचे सायमन वकील काल संध्याकाळी खाली आले होते. ह्यांच्याशी जरा बातम्यांचं बोलले आणि मग म्हणाले, काम वहिनींशी आहे. त्यांच्या मंडळाचं कोर्टाच्या आवारात एक बाक आहे. कातकरी लोकांवर केसेस असतात. तारीख कधी, कोणत्या खोलीत, आत काय म्हणाले, ह्यातलं त्यांना काही कळत नाही. म्हणून प्रमिला नावाची मुलगी त्या बाकावर बसते, त्यांना आत नेते, बाहेर आणते, समजावून सांगते. मुंबईचा एक ट्रस्ट तिचा पगार देतो. आता ट्रस्टचं म्हणणं पडलं की मंडळाबाहेरच्या कुणीतरी बसून पाहावं, ह्या बाकाचा उपयोग होतो का, आणि लिहून द्यावं. वकीलसाहेब आणि त्यांच्या पत्नी जोकबेदबाई मे अखेरीस मुलाकडे इस्रायलला कायमचे निघाले. त्याआधी बाकाचं पुढचं ठरायला हवं.

मी म्हटलं, मी जुनी मॅट्रिक. ह्यात माझं काय काम?

"वहिनी, शिकलेला माणूस पाठवला होता मागे," ते म्हणाले. "त्याने इंग्रजीत जाड अहवाल लिहिला. त्यात बाक कुठे आहे हे सुद्धा नव्हतं. तुम्ही भजनी मंडळाचा हिशेब लिहिता ना, तसं लिहा."

हे म्हणाले, जा की, घरात बसून तरी काय करतेस. घरात बसून मी काय करते ते ह्यांना अजून कळायचं आहे.

बुधवार, १२ जानेवारी

देवपूजा, स्वयंपाक लवकर आटोपून गेले. चालतच. बाक बदामाच्या झाडाखाली आहे, एक पाय विटेवर. प्रमिला पंचविशीची असेल, पण बसते म्हातारीसारखी. मला जागा करून दिली आणि हसून म्हणाली, तपासनीस बाई आल्या.

ट्रस्टने तीन प्रश्न दिलेत. तारखेला हजर होता का? कोर्टात काय झालं ते कळलं का? मदतीचा उपयोग झाला का? मी जो येईल त्याला विचारलं. जो तो म्हणाला, हो. एक म्हातारी तर मी प्रश्न पुरा करायच्या आत हो म्हणाली. सगळ्याच गोष्टींना हो, तर लिहायचं काय?

प्रमिलाला सांगितलं तर म्हणाली, हातात कागद घेऊन विचारलंत तर हो शिवाय दुसरं उत्तर मिळणार नाही.

उद्या कागद पिशवीत ठेवीन.

बुधवार, १९ जानेवारी

आज गोरखची तारीख होती. कर्नाळ्याच्या पायथ्याच्या वाडीवरचा. रोडपालीकडे नव्या इमारती उठताहेत, तिथल्या सळया चोरल्याचा आळ. दसऱ्यानंतर पकडला, जामिनावर सुटला. त्या वेळी दुसऱ्या वकिलाने जामीन केला होता. पुढे तो वकील गेला आणि कागद सायमन वकिलांकडे आले.

पोरगेलासा दिसतो, खाली बघून बोलतो. बरोबर बायको साळू, कडेवर तान्ही मुलगी. पट्टेवाल्याने "गोरख" म्हणून पुकारा केला तशी साळूने फडक्यातली भाकर त्याच्या हातात कोंबली. म्हणाली, "शुक्रा, दोन घास खा, मंग उभा राव."

चारचौघांत नवऱ्याला नावाने हाक, आणि तीही घरच्या लाडक्या नावाने. आपल्यात शोभलं नसतं. ह्यांचं नाव मी उखाण्यापलीकडे कधी घेतलं नाही. त्यांच्यात चालत असेल.

बाहेर आल्यावर मी बोलतं करावं म्हणून मुलीचं नाव विचारलं. तो साळूकडे बघायला लागला. बापाला पोटच्या पोरीचं नाव आठवू नये! दारूचा नाद असणार. पण हजेरी चोख. एकही तारीख चुकवलेली नाही, प्रमिलाने मुद्दाम दाखवलं.

शुक्रवार, २१ जानेवारी

गॅस संपला. स्टोव्हवर. काही विशेष नाही.

बुधवार, २ फेब्रुवारी

आज जे कळलं ते लिहावं की नाही, इथपासून प्रश्न आहे.

गोरख आत होता, साळू बाकावर माझ्याशेजारी मुलीला पाजत होती. मी शहाणपण शिकवायला गेले. म्हटलं, अगं, नवऱ्याला असं नावाने हाक मारू नये, त्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. ती माझ्याकडे बघत राहिली, मग पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"नवऱ्याचं नाव मी घेईन व्हय, बाय? यो शुक्रा. माजा दीर."

"मग नवरा कुठे आहे?"

"भट्टीवर."

मग तिने सगळं सरळ सांगितलं, जसं कुणी पाणी कुठून भरतात ते सांगावं. दिवाळी झाली की मुकादमाची गाडी वाडीवर येते आणि माणसं कोळशाच्या भट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परत. गोरखने उचल घेतलेली, त्याला जावंच लागलं. ही बाळंतीण, म्हणून मागे राहिली. राहता राहिली कोर्टाची तारीख. त्याचा लग्न न झालेला धाकटा भाऊ मोकळा होता, तो उभा राहिला. भट्टीवर एक आजारी पडला तर घरचा दुसरा त्याच्या जागी उभा राहतो, मुकादम डोकी मोजतो आणि जातो. इथेही तसंच. नाव पुकारतात, हजर म्हणायचं.

खोटं केलं असं तिच्या तोंडावर कुठेच नव्हतं. उलट तारीख पाळली ह्याची ऐट होती.

मी पिशवीतला कागद आणखी खाली सारला.

गुरुवार, ३ फेब्रुवारी

प्रमिलाला बाजूला घेऊन विचारलं. तिला ठाऊक आहे. आणि गोरख एकटा नाही, भट्टीच्या दिवसांत बाकावर येणाऱ्यांत असे बरेच असतात.

मी रागावले असेन, कारण ती उठून उभी राहिली. म्हणाली, "वसुंधराताई, मी यायच्या आधी काय होतं माहीत आहे? तारीख चुकली की वॉरंट. पोलीस भट्टीवर जाऊन मालकासमोर दोर लावून आणायचे. मागे बायका-पोरं मुकादमाच्या तावडीत. आता एक वॉरंट निघत नाही. कोर्टाला हजेरी हवी, ट्रस्टला हजेरी हवी. आहे हजेरी."

वकीलसाहेबांना माहीत आहे का, विचारलं. ती म्हणाली, त्यांना सांगितलं तर त्यांना ते जजसाहेबांना सांगावं लागेल, वकिलाला लपवता येत नाही. म्हणून कळू दिलेलं नाही. आणि ह्या केसमध्ये दम नाही. ज्या हवालदाराने पकडलं त्याची बदली झाली, राहिला तो बांधकामावरचा वॉचमन. "पोरगा गोरख म्हणून सुटेल आणि शुक्रा म्हणून घरी जाईल. तुम्ही मधे पडू नका."

तिने चहा मागवला. मी घेतला नाही, मग वाया जाईल म्हणून घेतला.

मंगळवार, ८ फेब्रुवारी

विरूपाक्षाला जाऊन आले. देवापुढे उभी राहिले तरी मन तिथे नव्हतं.

खोटं ते खोटं, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. पण मी सांगितलं तर शुक्रा आत जाईल, दुसऱ्याच्या नावाने कोर्टाला फसवलं म्हणून. गोरखवर वॉरंट निघेल. बाक बंद होईल. आणि नाही सांगितलं तर बहुतेक सगळे घरी जातील. मला विचारलेत ते तीन प्रश्न. तारखेला कोण हजर होता हा त्यात नाही.

ह्यांना विचारावंसं वाटलं. ह्यांना वरणात मीठ कमी लागलं होतं.

बुधवार, १६ फेब्रुवारी

साक्ष झाली. मी आत जाऊन मागे उभी राहिले.

वॉचमन चांगल्या घरातला वाटला. मिशी राखलेली, इस्त्रीचा शर्ट. सांगत होता, संध्याकाळी दिवेलागणीला सळया खांद्यावर घेऊन जाताना पाहिला, पाठलाग केला, हातातून निसटला, मग हवालदारांनी वाडीवरून आणला तेव्हा ओळखला. सरकारी वकिलांनी विचारलं, तो इथे आहे का? त्याने पिंजऱ्याकडे बोट केलं.

"हाच. ह्याला मी कुठेही ओळखीन."

मी शुक्राकडे पाहिलं. तो त्या बोटाकडे बघत होता. त्या संध्याकाळी तो रोडपालीत नव्हताच, वाडीवर होता. साळूने मला सांगितलं आहे, तिला पहिल्या कळा येत होत्या आणि सुईण आणायला शुक्राच धावला होता. त्या वॉचमनने शुक्राला आयुष्यात कोर्टाबाहेर पाहिलेलं नाही. मग त्याने गोरखला तरी पाहिलं होतं का?

सायमन वकिलांनी त्याला उजेडाचं विचारलं, अंतराचं विचारलं. तो घोटाळला नाही. हाच, हाच म्हणत राहिला. प्रमिला माझ्या शेजारी होती. तिने माझा हात दाबला, बोलू नका असा. मी बोलले नाही.

शुक्रवार, १८ फेब्रुवारी

दोन महिने साधी कैद. जजसाहेब म्हणाले, साक्षीदाराने निःसंशय ओळखलं आहे.

शुक्राला कळलं नव्हतं. बाहेर येऊन नेहमीसारखा बाकाकडे निघाला, तर पोलिसाने दंड धरला. प्रमिलाने त्याला समजावून सांगितलं. ते तिचं कामच आहे. तिने चांगलं सांगितलं, हळू, दोनदा.

साळू रडली नाही. तिने विचारलं, भाकर देऊ का बरोबर?

रविवार, २० फेब्रुवारी

काल वकीलसाहेबांचा शनिवार, ज्यू लोकांचा विश्रांतीचा वार, त्या दिवशी ते कामाचं बोलत नाहीत. म्हणून आज वर गेले. जोकबेदबाई पितळेची भांडी वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात भरत होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. प्रमिलाचंही, माझंही.

ते चिडतील असं वाटलं होतं.

"वहिनी, बुधवारी सकाळी सांगितलं असतंत," ते म्हणाले, "तर मी त्या वॉचमनला एवढंच म्हणायला लावलं असतं, हाच. आणि मग गोरखला उभा केला असता. केस तिथे संपली होती."

मी म्हटलं, शुक्राने कोर्टाला फसवलं ते? ते म्हणाले, ते मी हात जोडून निस्तरलं असतं. अडाणी आहे, धाकटा भाऊ आहे, जजसाहेबही माणूस आहेत. आता उशीर झाला. आता अपील करायचं तर शुक्राने स्वतः म्हणायला हवं की मी गोरख नाही. त्याच्यावतीने मला म्हणता येत नाही.

जोकबेदबाईंनी मला बसायला स्टूल दिलं. ते भांड्यांसाठी ठेवलं होतं, त्यांनी भांडी खाली ठेवली. इतका वेळ मी उभी आहे हे माझ्या लक्षात नव्हतं.

सोमवार, २८ फेब्रुवारी

वकीलसाहेबांबरोबर अलिबागला जाऊन आले. एसटीत पेणपर्यंत उभी होते.

जाळीपलीकडून शुक्रा आला. अंगावर कपडे धड होते, तब्येत बरी वाटली. वकीलसाहेबांनी त्याला समजावलं, खरं नाव सांग, मी वरच्या कोर्टात जातो. त्याने ऐकून घेतलं. मग विचारलं, गोरखचं काय होईल? वकीलसाहेब खोटं बोलले नाहीत. म्हणाले, त्याला आणतील, केस परत उभी राहील, बहुधा सुटेल. आणि माजं? तुझेही काही दिवस कोर्टात जातील, ते म्हणाले.

"मंग नको, साहेब. मी हाय तो हाय. दोगं आत गेलो तर वाडीवर कोन?"

मी मधेच म्हटलं, अरे, तू काही केलेलं नाहीस.

तो म्हणाला, "गोरखनं पन नाय केलेलं."

परतीच्या गाडीत वकीलसाहेब झोपले, किंवा डोळे मिटून होते. मी जपमाळ काढली होती, ती हातातच राहिली.

गुरुवार, १० मार्च. महाशिवरात्र.

उपास. अहवाल लिहून पुरा केला. वकीलसाहेबांनी वाचायला मागितला नाही, म्हणाले, तुम्हाला पटेल ते लिहा. पण खरं लिहिलं तर तो कागद ट्रस्टमध्ये दहा जण वाचणार. शुक्रा अजून आत आहे. त्याने जे सांगायचं नाही म्हटलं, ते मी कोण सांगणारी?

गोरखच्या नावासमोर लिहिलं: तारखेला हजर होता का? सर्व तारखांना. कोर्टात काय झालं ते कळलं का? नाही. मदतीचा उपयोग झाला का? ती जागा तशीच ठेवली. हो लिहायला घेतलं की शुक्रा दिसे, नाही लिहायला घेतलं की प्रमिला.

शाई सांडली पाटावर. खाण्याचा सोडा लावून ठेवला आहे.

मंगळवार, ५ एप्रिल

ट्रस्टचं पत्र आलं. खूश आहेत. हजेरीचं विशेष कौतुक केलं आहे, इतर ठिकाणीही हाच नमुना घ्यावा म्हणतात. बाकाला पुढची मुदत दिली. एका नावासमोर तिसरं उत्तर नजरचुकीने राहून गेलेलं दिसतं, ते तेवढं हो असं धरलं आहे, म्हणतात.

आठवड्यातून एक दिवस मीही बाकावर बसावं असंही आहे. मी नाही म्हणणार होते. हे म्हणाले, सवय झालीये तुला, जा. ह्यांनी आज स्वतः चहा केला. साखर दुप्पट.

बुधवार, २० एप्रिल

शुक्रा सोमवारी सुटला. आज साळूबरोबर बाकावर आला होता, कुणाचं काही काम नसताना. येऊन बसला. प्रमिलाला त्याच्याकडे बघवेना, ती कागद चाळत राहिली. त्यानेच तिला विचारलं, बाय, बरी हायेस ना?

साळू सांगत होती, वाडीवर आता कोर्टाचं काही असलं की लोक शुक्राकडे येतात. त्याला आतलं सगळं माहीत झालंय. म्हातारे सुद्धा विचारतात. ती हे कौतुकाने सांगत होती. तो लाजला.

मला जेवण गेलं नाही. उरलेल्या भाताला सकाळी फोडणी देईन.

बुधवार, ४ मे

आज माझा बाकावरचा दिवस. ऊन फार. बदामाची सावली अकराला सरकते आणि मग बाक तापतं.

शुक्रा एकटाच आला, धुतलेला सदरा घालून. हातात तारखेची चिठ्ठी. मी वाचली, नाव विठूचं होतं. त्याच्याच वाडीवरचा, जंगलात लाकडं तोडल्याची केस. मी म्हटलं, विठू कुठे आहे? भट्टीवर. मग तू कशाला आलास?

"त्याच्या जागी. घरात दुसरं कोन नाय त्याच्या. म्हाताऱ्यांनी सांगलं, शुक्राला ठावं हाय समदं, शुक्रा जाईल."

मी म्हटलं, आणि आत टाकलं तर? तो म्हणाला, जेवाया देतात तिथं. भट्टीपरीस काम कमी.

मी त्याला काय काय बोलले ते आठवत नाही. आईसारखं बोलले असेन. तो मान हलवत होता, हो हो म्हणत होता, तेच ते हो. तेवढ्यात पट्टेवाल्याचा पुकारा आला, "विठू, हाजिर हो," आणि शुक्रा उठला. विचार करून नव्हे, आपोआप. मी त्याचा सदरा मागून धरला. जुना सदरा, उसवल्याचा आवाज आला. तो खाली बसला.

दुसरा पुकारा झाला. शुक्रा म्हणाला, "बाय, वारंट निघल." प्रमिलाही माझ्याकडे बघत होती, तिचेही ओठ तेच म्हणत होते.

मी आत गेले. चपला बाहेर काढायच्या की नाही हेही सुचलं नाही, काढल्याच. सायमन वकील टेबलापाशी उभे होते, जायच्या आधीचं शेवटचं काम आवरत. मी त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं, विठू कोळशाच्या भट्टीवर आहे, पावसाच्या तोंडावर येतो, हे लोक दरवर्षी जातात. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना त्यांच्याच घराचा पत्ता सांगते आहे. मग ते जजसाहेबांकडे वळले आणि जसंच्या तसं तेच बोलले.

जजसाहेबांनी मान वर केली नाही. म्हणाले, मजुरीला गेलाय तर तसा अर्ज द्या. जुलैत हजर ठेवा. पुढची केस.

वकीलसाहेब जागेवरच अर्ज लिहायला बसले. चार-पाच ओळींचा झाला. मी बाहेर आले तेव्हा प्रमिला दाराशीच उभी होती, तिने ऐकलं होतं. ती भिंतीला टेकली. वॉरंट नाही? मी म्हटलं, नाही. तिने कधी वकीलसाहेबांना भट्टीचं सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं तर एकाच्या जागी दुसरा उभा राहतो हे निघालं असतं. आणि वकीलसाहेबांनी विचारलं नव्हतं, कारण हजेरी चोख होती.

शुक्राला सांगितलं, विठूला पावसात यायचं आहे, स्वतः. तोवर कुणी यायचं नाही.

"झालं?" तो म्हणाला. "निस्तं सांगलं आनि झालं?"

हो म्हटलं.

तो उसवलेला सदरा बोटांनी चाचपत राहिला. मग त्याने विचारलं, रागाने नाही, एसटी गेली का विचारावं तसं.

"मंग मी कशाला गेलतो?"

प्रमिला मांडीवरच्या कागदांकडे बघत राहिली. मी त्याच्या शेजारी बसले. बाक तापलं होतं, तरी आम्ही तिघं तिथेच बसून होतो. नंतर पट्टेवाल्याने कुणाचंतरी दुसरं नाव पुकारलं.